खेळाचा प्रकाशक बदलतो आहे; आमची खाती, पैसे आणि गिल्ड यांचे काय होणार?

कृष्णाकाठ (सांगली):

नमस्कार. आम्ही काही मित्र गेली बरीच वर्षे एक ऑनलाइन खेळ गिल्ड (खेळाडूंचा गट) करून एकत्र खेळत आहोत. खेळाचे नाव येथे मुद्दाम देत नाही, कारण मला चर्चा कंपनीची नव्हे, तर अशा वेळी खेळाडूच्या हातात नेमके काय उरते याची करायची आहे.

गेल्या आठवड्यात खेळ उघडताच पडद्यावर एक सूचना आली. भारत आणि शेजारच्या काही देशांतील प्रकाशनाचे हक्क मूळ कंपनीने एका प्रादेशिक प्रकाशकाला (त्या भागात खेळ चालवणाऱ्या कंपनीला) दिले आहेत, ठरलेल्या तारखेपर्यंत आपले खाते नव्या प्रकाशकाच्या खात्याशी जोडून घ्यावे, न जोडल्यास जुने खाते पुढे उपलब्ध राहीलच असे नाही, एवढाच मजकूर होता. त्याखाली दोन बटणे होती: ‘मान्य आहे’ आणि ‘नंतर आठवण करा’. ‘मान्य नाही’ असे बटण कुठेही नव्हते. अटींच्या दुव्यावर गेल्यास इंग्रजीतील एक लांबलचक पान उघडते, आणि त्यात खात्यातील वस्तू ‘काही निवडक वस्तू वगळून’ हलवल्या जातील असे म्हटले आहे. त्या निवडक वस्तू कोणत्या, हे मात्र पान शेवटपर्यंत वाचूनही समजत नाही.

आमच्या गिल्डमध्ये निम्मी मंडळी सांगली-मिरजेची आहेत आणि निम्मी बाहेरची. एक जण मस्कतला नोकरीला आहे, एक जर्मनीत शिकतो आहे, दोघे तर असे आहेत की त्यांना आमच्यापैकी कुणीही प्रत्यक्ष पाहिलेले नाही, तरी त्यांच्या घरच्या अडीअडचणी आम्हाला ठाऊक असतात. दुकाने बंद करून, जेवणे उरकून रात्री सगळे एकत्र येतात. मस्कतचा मित्र तर म्हणतो की गावाकडची भाषा त्याच्या कानावर तेवढ्याच वेळी पडते. नवा प्रकाशक केवळ आपल्या भागापुरता असेल आणि त्याचे सर्व्हर (ज्या संगणकांवर खेळ चालतो ते) वेगळे असतील, तर आम्ही एका बाजूला आणि तो दुसऱ्या बाजूला, असे होणार का? माझी सर्वांत मोठी चिंता हीच आहे.

बाकीचे प्रश्नही लहान नाहीत. पैसे देऊन घेतलेले आणि अजून न वापरलेले खेळातले चलन तसेच मिळणार का? मासिक पासचे पैसे दर महिन्याला आपोआप कापले जातात, ते यापुढे कुणाच्या खात्यात जाणार? आमचे मोबाइल क्रमांक, पैसे भरल्याच्या नोंदी, गिल्डमधले संभाषण हे सारे नव्या कंपनीकडे आमच्या संमतीने जाणार की परस्पर? आणि नव्या प्रकाशकाने पैसे ओतणाऱ्यालाच जिंकता येईल अशा वस्तू दुकानात आणल्या, तर दाद कुणाकडे मागायची? ज्यांनी अशा हस्तांतराचा अनुभव घेतला आहे किंवा ज्यांना कायद्याची माहिती आहे, त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

हळदबाजार (सांगली):

आपली काळजी समजते, पण या बदलाची दुसरी बाजूही मांडणे मला आवश्यक वाटते. आपल्याकडच्या खेळाडूंची वर्षानुवर्षांची तक्रार लॅगची, म्हणजे खेळ उशिरा प्रतिसाद देतो याची, आहे. सध्या तुमचा खेळ सिंगापूरच्या सर्व्हरवर चालत असेल, तर मुंबई ते सिंगापूर हे सरळ अंतरच सुमारे 3,900 किलोमीटर आहे. काचेच्या तंतूतून प्रकाश सेकंदाला साधारण 2 लाख किलोमीटर वेगाने जातो, म्हणजे संदेश जाऊन परत यायला सुमारे 40 मिलिसेकंद तर लागणारच. समुद्राखालची केबल सरळ रेषेत टाकलेली नसते आणि वाटेत संदेश पुढे पाठवणारे राउटर असतात, त्यामुळे प्रत्यक्षातला पिंग, म्हणजे जाऊन परत येण्याचा वेळ, त्याहून बराच जास्त दिसतो. हा उशीर कोणताही महागडा फोन किंवा इंटरनेटचा कोणताही प्लॅन घालवू शकत नाही. सर्व्हर मुंबईत आला, तर सांगलीहून अंतर उरते जेमतेम पावणेचारशे किलोमीटर. ज्या लढाईत क्षणाचा उशीर झाला तरी सगळी तुकडी मरते, तिथे हा फरक प्रत्येकाला बोटांत जाणवतो.

शिवाय प्रादेशिक प्रकाशक असला की किमती रुपयांत ठरतात, यूपीआयने पैसे भरता येतात, आणि मदत मागितल्यावर उत्तर मध्यरात्री परदेशी कार्यालय उघडेपर्यंत अडून राहत नाही. गणपतीत किंवा दिवाळीत आपल्याकडचे कार्यक्रम खेळात आले, तर नव्या मुलांनाही गोडी लागेल.

मात्र एक अट मी नक्की घालीन. नवा प्रकाशक सर्व्हर कुठे ठेवणार आहे, हे त्याने आधी सांगावे. प्रकाशक भारतीय आणि सर्व्हर होता तिथेच, असे झाले तर या सगळ्यातून आपल्या पदरात काहीच पडणार नाही.

कोयनाकाठ (कराड, सध्या पुणे):

प्रकाशक बदलण्याचे प्रकार पूर्वीही झाले आहेत. ते नजरेखालून घातले की कृष्णाकाठ यांच्या कोणत्या शंकेत किती वजन आहे ते ठरवता येते, म्हणून थोडे तपशिलात लिहितो.

आपल्या जवळचे उदाहरण पब्जी मोबाइलचे आहे. 2 सप्टेंबर 2020 रोजी केंद्र सरकारने माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम 69अ खाली 118 ॲपवर बंदी घातली, त्यांत तो खेळ होता. आठवडाभरातच मूळ कोरियन कंपनीने भारतातील प्रकाशनाचे हक्क चीनच्या टेन्सेंट कंपनीकडून काढून घेतले, तरी 30 ऑक्टोबरला सर्व्हर बंद झालेच. पुढे 2 जुलै 2021 रोजी क्राफ्टन या कोरियन कंपनीने तोच खेळ ‘बॅटलग्राउंड्स मोबाइल इंडिया’ या नावाने स्वतः आणला. जुन्या खात्यातील पोशाख, बंदुकांच्या स्किन (रंगरूप) आणि इतर वस्तू नव्या खात्यात आणण्याची सोय त्यांनी दिली होती, पण त्यासाठी जुने खाते फेसबुक किंवा ट्विटरशी जोडलेले असावे लागत होते, आणि ती सोय 2021 च्या अखेरीपर्यंतच होती. ज्यांनी आपले खाते कशाशीच जोडले नव्हते, त्यांच्याकडे ते आपले असल्याचे दाखवायला काही नव्हते. कराडच्या आमच्या गल्लीतली काही मुले यातच अडकली.

आता मित्रांचा मुद्दा. ही आवृत्ती केवळ भारतासाठी होती आणि बाकीच्या जगाचा पब्जी मोबाइल वेगळा चालत राहिला. त्यामुळे वस्तू आल्या, पण दुबईतल्या भावाबरोबर एका तुकडीत खेळणारा माणूस त्याच्यापासून तुटला. शिवाय प्रादेशिक आवृत्ती निघाली म्हणजे स्थैर्य आले, असेही झाले नाही. जुलै 2022 मध्ये ती दुकानांतून काढून टाकण्यात आली आणि मे 2023 मध्ये अल्पवयीनांना दिवसाला तीन तास व इतरांना सहा तास अशा मर्यादेसह परत आली.

चीनमध्ये मूळ कंपनी ब्लिझार्ड आणि तेथील प्रकाशक नेटईज यांचा करार जानेवारी 2023 मध्ये संपला आणि ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’चे तेथील सर्व्हर बंद पडले. दोन्ही कंपन्यांचे जमेना, आणि ज्यांनी वर्षानुवर्षे पात्रे घडवली होती त्यांना आपल्या प्रगतीची नोंद स्वतःच्या संगणकावर उतरवून ठेवण्याची सोय तेवढी मिळाली. 2024 मध्ये पुन्हा करार होऊन खेळ परत आला, पण मधल्या काळात किती गिल्ड विखुरले असतील याची कल्पना आपण करू शकतो. त्याच खेळाने चीनमध्ये 2009 सालीही प्रकाशक बदलला होता आणि तेव्हाही सर्व्हर काही महिने बंद होते.

चांगल्या रीतीने झालेले हस्तांतरही आहे. आग्नेय आशियात ‘लीग ऑफ लेजंड्स’ हा खेळ अनेक वर्षे गरेना हा प्रादेशिक प्रकाशक चालवत असे. जानेवारी 2023 मध्ये मूळ कंपनी रायटने बहुतेक देशांत तो स्वतःकडे घेतला. खेळाडूंना गरेनाचे खाते रायटच्या खात्याशी जोडण्यासाठी आधीच मुदत दिली होती आणि कोणती वस्तू येईल याची माहितीही प्रसिद्ध केली होती. तिथे प्रवास प्रादेशिक प्रकाशकाकडून मूळ कंपनीकडे होता, म्हणजे आपल्या उलट, पण पद्धत म्हणून ते उदाहरण दाखवण्यासारखे आहे.

युरोपात 2012 साली सोनी ऑनलाइन एंटरटेनमेंटने आपल्या खेळांचे तेथील प्रकाशन जर्मनीच्या प्रोझीबेनझाट या माध्यम कंपनीकडे देण्याचे जाहीर केले, तेव्हा तेथील खेळाडूंनी मोठा आवाज उठवला. माझी पात्रे, माझे मित्र आणि माझे पैसे ज्या कंपनीला मी निवडले तिच्याकडे आहेत, मग दुसऱ्या कंपनीकडे मला न विचारता का पाठवता, हा त्यांचा सवाल होता. कृष्णाकाठ आज तेच विचारत आहेत.

मला यातून असे दिसते की वस्तू हलवण्याची सोय कंपन्या बहुधा करतात, कारण तांत्रिकदृष्ट्या तो नोंदींचा प्रश्न असतो आणि खेळाडू टिकवण्यात त्यांचाही फायदा असतो. सर्व्हरची सीमा कुठे आखायची हे मात्र दोन कंपन्यांमधल्या करारात ठरते आणि तिथे आपल्याला कुणी बोलावत नाही. म्हणून तुमच्या प्रश्नांत मस्कतच्या मित्राचा प्रश्न पहिला ठेवा. त्याचे स्पष्ट उत्तर येईपर्यंत ‘नंतर आठवण करा’ हेच बटण दाबत राहा, कारण एकदा जोडलेले खाते परत मूळ सर्व्हरवर नेता येते असे वरीलपैकी एकाही ठिकाणी गृहीत धरता येत नव्हते.

अजिंक्यतारा (सातारा):

मी साताऱ्यात ग्राहक चळवळीत काम करते. खेळातले मला फारसे कळत नाही, परंतु करार आणि तक्रारी हा रोजचा विषय असल्यामुळे त्या बाजूने लिहिते.

आपल्या भागात पतसंस्थेचे विलीनीकरण झाले की ठेवीदार पहिल्याच दिवशी पासबुक घेऊन जातो आणि नव्या संस्थेच्या शिक्क्यानिशी शिल्लक लिहून घेतो. तुमच्या खात्याबाबतही वागणे असेच हवे. खात्याचा आयडी, चलनाची शिल्लक, पैसे देऊन घेतलेल्या वस्तूंची यादी आणि गिल्डची सदस्य यादी यांचे तारखेसह स्क्रीनशॉट आजच काढून ठेवा. पैसे भरल्याच्या पावत्या ईमेलमध्ये असतात, त्या एका जागी गोळा करा. ज्यांचे पैसे यूपीआय ऑटोपेने जातात त्यांनी तो आदेश आपल्या यूपीआय ॲपमध्ये जाऊन थांबवावा. फोनमधून खेळ काढून टाकला म्हणजे कपात थांबते असा अनेकांचा समज असतो, तसे होत नाही. ॲप दुकानामार्फत घेतलेली वर्गणी असेल तर ती त्या दुकानाच्या वर्गणी पानावर जाऊन रद्द करावी लागते.

आता कायदा. ग्राहक संरक्षण कायदा 2019 यातील कलम 2(46) मध्ये अन्याय्य कराराची व्याख्या आहे. ग्राहकाच्या संमतीशिवाय आणि त्याचे नुकसान होईल अशा रीतीने करार दुसऱ्याकडे सोपवण्याची मुभा देणारी अट तिथे स्पष्टपणे नमूद केलेली आहे, आणि वाजवी कारणाशिवाय करार एकतर्फी संपवण्याची अटही. तुमच्या सूचनेत ‘मान्य नाही’ हे बटण नसणे मला म्हणूनच गंभीर वाटते. अर्थात प्रकाशक बदलला एवढ्यावर कुणी दाद देणार नाही. तुमचे नुकसान काय झाले, ते दाखवावे लागेल: न वापरलेले चलन गेले, पासचे उरलेले दिवस गेले, विकत घेतलेली वस्तू आली नाही. अन्याय्य कराराची तक्रार राज्य आयोगाकडे जाते. सेवेतील त्रुटी किंवा पैसे परत न मिळणे यासाठी मात्र तुम्ही जिथे राहता त्या जिल्ह्याच्या आयोगाकडे, म्हणजे सांगलीतच, तक्रार करता येते, आणि दिलेली रक्कम 5 लाखांपर्यंत असेल तर शुल्क लागत नाही. तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत असते. त्याआधी 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद करावी. लहान रकमांचे पुष्कळ वाद तिथेच मिटतात.

अटींमध्ये ‘वाद झाल्यास लवादाकडेच जावे लागेल’ असे वाचून लोक गप्प बसतात. तसे गप्प बसण्याचे कारण नाही. लवादाची अट असली तरी ग्राहक आयोगाचे दार बंद होत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 2018 मध्ये स्पष्ट केले आहे. आणि इथे हळदबाजार यांच्या बाजूला आणखी एक मुद्दा जमा होतो. नवा प्रकाशक भारतात नोंदलेली कंपनी असेल, तर नोटीस बजावायला पत्ता मिळतो. परदेशातील कंपनीशी भांडताना सामान्य माणसाची अर्धी शक्ती तो पत्ता शोधण्यातच संपते. ई-कॉमर्स नियम 2020 प्रमाणे तक्रार निवारण अधिकाऱ्याने 48 तासांत तक्रारीची पोच देणे आणि महिन्याभरात तिचे निवारण करणे अपेक्षित आहे. त्या अधिकाऱ्याचे नाव आणि संपर्क संकेतस्थळावर आहे का, ते आधी पाहा. नसेल तर तेवढ्यावरूनही नव्या प्रकाशकाची तयारी किती आहे ते समजते.

माहितीबाबत थोडक्यात. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा 2023 मध्ये मंजूर झाला, त्याचे नियम नोव्हेंबर 2025 मध्ये अधिसूचित झाले, आणि कंपन्यांवरील बहुतेक बंधने त्यानंतर दीड वर्षाने लागू व्हायची आहेत. त्या कायद्यात संमतीची सूचना इंग्रजीत किंवा संविधानाच्या आठव्या अनुसूचीतील कोणत्याही भाषेत वाचण्याचा पर्याय देण्याची तरतूद आहे, म्हणजे मराठीतही. बंधन पूर्ण लागू होईपर्यंत थांबण्याची गरज नाही. अटी मराठीत द्या अशी मागणी आजही करता येते आणि करावी. इंग्रजी येत नाही म्हणून न वाचताच बटण दाबणारे खेळाडू तुमच्याही गिल्डमध्ये असतील.

यशवंतगड (विटा):

पालक म्हणून एक प्रश्न विचारतो. माझा मुलगा पंधरा वर्षांचा आहे आणि बहुधा हाच खेळ खेळतो. त्याने खाते उघडताना वय काय टाकले ते मला माहीत नाही. हस्तांतराच्या वेळी नव्या प्रकाशकाने वयाचा पुरावा किंवा पालकांचा ओटीपी मागितला, आणि जुन्या नोंदीतले वय जुळले नाही, तर खाते अडकेल का? त्याला शिक्षा व्हावी असे वाटत नाही, पण चोरून काही चालू राहावे असेही वाटत नाही.

अजिंक्यतारा (सातारा):

अडकण्याची शक्यता आहे, म्हणून खाते जोडण्यापूर्वीच मदत केंद्राला लिहून वय दुरुस्त करून घ्यावे. वर सांगितलेल्या कायद्याप्रमाणे अठरा वर्षांखालील व्यक्तीची माहिती वापरण्यास पालकांची पडताळणी करता येईल अशी संमती लागणार आहे, त्यामुळे आज ना उद्या हा प्रश्न येणारच. मुलाला समोर बसवून, त्याच्याच हाताने ईमेल लिहून घ्या. खाते वाचवण्यासाठी आपले आई-वडील आपल्या बाजूने उभे आहेत हे त्याला दिसले, तर पुढच्या वेळी तो स्वतःहून विचारेल.

कृष्णाकाठ (सांगली):

सर्वांचे मनापासून आभार. काल रात्री गिल्डच्या सर्वांनी मिळून हा धागा वाचला आणि जुन्या व नव्या, दोन्ही प्रकाशकांना एकच पत्र पाठवले. कोयनाकाठ यांनी सुचवल्याप्रमाणे भारताबाहेरच्या सदस्यांसोबत पुढेही एकाच सर्व्हरवर खेळता येईल का, हा प्रश्न पहिला ठेवला आहे. त्यानंतर, वगळल्या जाणाऱ्या वस्तूंची संपूर्ण यादी, न वापरलेल्या चलनाचा परतावा, सर्व्हरचे शहर, आणि खाते न जोडणाऱ्यांना मूळ सर्व्हरवर राहू देणार की नाही, हे विचारले आहे. अटी मराठीत द्याव्यात ही मागणी मिरजेच्या एका सदस्याने आग्रहाने घालायला लावली, कारण त्याच्या वडिलांच्या कार्डावरून पैसे भरले जातात आणि त्यांना स्वतः वाचूनच होकार द्यायचा आहे.

हळदबाजार यांना एवढेच सांगतो की मुंबईचा सर्व्हर मलाही हवा आहे. पिंग कमी झाला तर आमच्यातले सगळेच आनंदाने खेळतील. पण त्या बदल्यात मस्कतचा मित्र सोडावा लागणार असेल तर मी लॅग सोसायला तयार आहे, आणि हे मी पत्रातही लिहिले आहे. कंपनीला असे वाटत असेल की प्रादेशिक खेळाडूला फक्त स्वस्त दर आणि वेगवान सर्व्हर हवा असतो, तर तिने आमच्या भागातल्या लोकांची नोकरीसाठीची पांगापांग लक्षात घेतलेली नाही. सांगली, सातारा, कराड इथल्या किती घरांतली मुले आज आखातात आणि युरोपात आहेत, हे इथे वाचणाऱ्या कुणालाही सांगायला नको.

स्क्रीनशॉट काढून झाले आहेत. ऑटोपे चौघांचे चालू होते, ते थांबवले. जुन्या प्रकाशकाकडून पत्राची पोच आली आहे, नव्याकडून अजून नाही.

अजिंक्यतारा (सातारा):

पोच आलेली ईमेल पीडीएफ करून ठेवा आणि 48 तासांनंतरही नव्या प्रकाशकाकडून काही आले नाही, तर 1915 वर नोंद करून तिचा क्रमांक इथे लिहू नका, स्वतःकडे जपून ठेवा. नोंद करताना तक्रारदार म्हणून एकट्या गिल्डप्रमुखाचे नाव न देता, ज्यांचे ज्यांचे पैसे खात्यात आहेत त्या प्रत्येकाने स्वतंत्र नोंद करावी. खाते जोडण्याची मुदत पत्राचे उत्तर येण्याआधी संपणार असेल, तर ‘आमच्या प्रश्नांची उत्तरे मिळेपर्यंत मुदत वाढवावी’ असे दुसरे छोटे पत्र मुदतीच्या आधीच्या तारखेचे असायला हवे. ते आजच पाठवा.